वीटभट्टीवरचे भांडे

माघ-फाल्गुनाच्या दिवसांत फोंडा, सत्तरी किंवा सांगे तालुक्यातील एखाद्या कुळागरात गेले म्हणजे पोफळींच्या अंगावर चढलेल्या मिरवेली दृष्टीस पडतात आणि घरापुढच्या अंगणात चटईवर वाळत घातलेले मिरे दिसतात. हिरवे दाणे चार उन्हे खाऊन सुरकुततात, काळे पडतात आणि वर्षाच्या बेगमीसाठी डब्यात जाऊन बसतात. या दाण्यांसाठी एके काळी समुद्र ओलांडून जहाजे आली, लढाया झाल्या आणि आपल्या भूमीच्या साडेचार शतकांच्या पारतंत्र्याची सुरुवातही त्याच व्यापारातून झाली, हे आपण शाळेत शिकलो. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला आणि आल्बुकेर्कने १५१० साली गोवा घेतला, इथवरची कथा सर्वांना पाठ असते. परंतु या किनाऱ्यावरून गेलेले मिरे पुढे कोणाच्या विस्तवावर, कोणत्या भांड्यात पडले, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. आज अशाच एका भांड्याची हकीकत सांगण्याचे योजिले आहे.

हे भांडे इटलीतील तोस्काना प्रांतातले. त्यात शिजणाऱ्या पदार्थाचे नाव ‘पेपोसो’, म्हणजे मिऱ्यांनी भरलेला. गोमांस, तांबडी वाइन, लसूण, मीठ आणि मिरे एवढेच त्याचे साहित्य. गोमांसाचे नाव काढताच आमच्या बहुसंख्य वाचकांच्या मनात काय येईल याची आम्हांला पूर्ण जाणीव आहे. गाईविषयीची हिंदू मनाची भावना ही थट्टेचा विषय नव्हे, आणि हा पदार्थ कोणी करून खावा असा आग्रह धरण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. पण एखादा पदार्थ जाणून घेणे वेगळे आणि तो पानात वाढून घेणे वेगळे. दुसऱ्याच्या भांड्यात काय शिजते हे तटस्थपणे, किंबहुना आस्थेने पाहता येणे, ही सुसंस्कृतपणाची एक खूण आहे असे आम्ही मानतो. तसे पाहिले असता या परक्या भांड्यात आपल्या ओळखीच्या बऱ्याच गोष्टी सापडतात.

फ्लॉरेन्स शहराच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर इम्प्रुनेता नावाचे गाव आहे. तिथली माती उत्तम. तिची कौले, विटा, रांजण आणि झाडांच्या कुंड्या शतकानुशतके प्रसिद्ध आहेत आणि आजही तिथे भट्ट्या चालू आहेत. फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चवरील भव्य घुमट फिलिप्पो ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने १४२० ते १४३६ या काळात उभारला. त्यात चाळीस लाखांहून अधिक विटा गेल्या असे सांगतात. त्याच्या बांधकामाशी इम्प्रुनेताच्या भट्ट्यांचा संबंध जोडला जातो आणि परंपरा अशी की, पेपोसो हे त्या भट्ट्यांवर राबणाऱ्या कामगारांचे जेवण. भट्टी एकदा पेटली की तिच्यापाशी रात्रंदिवस माणूस हवा. घरी जाऊन जेवण्याची सोय नाही आणि निराळी चूल मांडण्याची गरजही नाही. मग हे लोक मातीच्या भांड्यात कसायाकडचे सर्वांत स्वस्त, चिवट मांस घालीत, त्यावर मिरे व लसूण टाकीत, गावची वाइन ओतीत आणि ते भांडे भट्टीच्या तोंडाशी सरकवून आपल्या कामाला लागत. विटा भाजल्या जात आणि त्याच आचेवर जेवणही होई. व्हासारी या चरित्रकाराने सोळाव्या शतकात लिहून ठेवले आहे की, मजुरांनी जेवणासाठी खाली उतरण्यात वेळ दवडू नये म्हणून ब्रुनेलेस्कीने घुमटाच्या बांधकामावर, वरच्या वर, खानावळीची व्यवस्था केली होती. भट्टीवरचे हे भांडे त्यानेच घुमटावर नेले, ही मात्र लोकांनी मागाहून जोडलेली दंतकथा समजावी. दंतकथेला पुरावा नसला तरी तिच्यात एक न्याय असतो. घुमटाला वास्तुकाराचे नाव मिळाले. विटा भाजणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांच्यामागे त्यांचे जेवण मात्र उरले.

आता या पदार्थाची कृती पाहावी. साधारण एक किलो मांस घेतात, तेही जनावराच्या पोटरीचे, म्हणजे ज्या स्नायूंनी आयुष्यभर चालण्याचे कष्ट केलेले असतात तिथले. त्याचे मुठीत मावतील एवढे मोठे तुकडे करतात. लसणीच्या दहा-बारा पाकळ्या, दोन मोठे चमचे मिरे (निम्मे जाडसर कुटलेले, निम्मे अख्खे), चवीपुरते मीठ, आणि पाऊण लिटरची तांबड्या वाइनची एक बाटली. कोणी तमालपत्र किंवा सेजची पाने टाकतात. हे सारे एकाच वेळी थंड भांड्यात घालायचे, झाकण ठेवायचे आणि अगदी मंद आचेवर साडेतीन-चार तास विसरून जायचे. शेवटच्या अर्ध्या तासात झाकण काढले की रस आटून दाट होतो. आपल्या गृहिणीला या कृतीत पहिले आश्चर्य वाटेल ते असे की, हिच्यात फोडणी नाही, कांदा नाही, वाटण नाही आणि जुन्या पद्धतीने केल्यास तेलाचा थेंबही नाही. भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाला कांदा परतीत बसायला वेळ कुठून असणार? भाजलेल्या पावाच्या जाड तुकड्यावर हा काळपट, मिऱ्यांनी झणझणीत रस ओतून ते खातात.

या साधेपणामागे एक शास्त्र आहे आणि ते त्या कामगारांना अनुभवाने कळले होते. कोवळे मांस थोड्या वेळात शिजते. पण श्रम केलेल्या स्नायूंत कोलॅजन नावाचे चिवट तंतू भरपूर असतात. जाळ मोठा केला तर मांस आकसते, त्यातला रस बाहेर पडतो आणि ते अधिकच वातड होते. तेच मांस उकळीच्या जरा खाली, भांड्यात एखादा बुडबुडा येतो-जातो अशा आचेवर काही तास ठेवले, तर ते तंतू विरघळून त्यांचे जिलेटिन बनते. मांस सुटे होते आणि रसाला चिकट दाटपणा येतो. वाइनमधला आंबटपणा या जड रसाला उठाव देतो. तिच्यातील मद्यार्क पाण्याआधी, सुमारे ७८ अंशांना उकळतो. अडीच-तीन तासांनंतर त्याचा विसावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी उरतो. तो अगदी नाहीसा होतो असे मात्र नाही, हे मद्य वर्ज्य मानणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. सारांश, इथे पाककौशल्य हाताच्या चलाखीत नसून आच धरून ठेवण्यात आहे. रात्री निखाऱ्यांवर राख ओढून दुधाचे भांडे ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना हे शास्त्र निराळे शिकवावे लागले नसते.

आता मिऱ्यांकडे येऊ. शिळ्या मांसाचा वास झाकण्यासाठी युरोपातले लोक मसाले वापरीत, असे एक विधान पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते, आणि पेपोसोच्या बाबतीतही ते ठोकून दिले जाते. पण ते विचाराच्या कसोटीला उतरत नाही. मलबारातून निघालेले मिरे अरबी समुद्र ओलांडून, तांबड्या समुद्रामार्गे इजिप्तला जात, तिथे व्हेनिसचे व्यापारी ते विकत घेत आणि मग ते इटलीत पोहोचत. वाटेत प्रत्येक हाताला नफा द्यावा लागे आणि प्रत्येक बंदरात जकात भरावी लागे. इतका महाग जिन्नस ज्याला परवडत होता, त्याला ताजे मांस परवडत नव्हते हे कसे मानावे? पंधराव्या शतकात व्हेनिसची जहाजे मिऱ्यांचा माल नियमित आणू लागली आणि ते पूर्वीइतके दुर्मिळ राहिले नाहीत. एरवी श्रीमंतांच्या पंक्तीत मिरवणारा हा मसाला मजुराच्या भांड्यात पडला तो वास लपवण्यासाठी नव्हे. कष्टाच्या जेवणाला चव आणि ऊब देण्यासाठी पडला.

या पदार्थाच्या नावातच आपला संबंध दडलेला आहे. संस्कृतातील ‘पिप्पली’ हा शब्द व्यापाऱ्यांच्या तोंडून पश्चिमेला गेला, ग्रीकांनी त्याचे ‘पेपेरी’ केले, रोमनांनी ‘पिपेर’, आणि इटालियनांनी ‘पेपे’. त्या ‘पेपे’पासून पेपोसो. पिप्पली म्हणजे खरे तर आपली लेंडी पिंपळी. पण परदेशांत ते नाव तिच्या भावंडाला, काळ्या मिऱ्याला चिकटले. माल गेला आणि मालाबरोबर नावही गेले.

शब्दांचा हा प्रवास प्रथम ज्यांच्या लक्षात आला, त्यांपैकी एक गृहस्थ फ्लॉरेन्सचाच होता आणि मिऱ्यांच्याच व्यवहारासाठी आपल्या किनाऱ्यावर आला होता, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. फिलिप्पो सासेत्ती हे त्याचे नाव. जन्म १५४० चा. मिऱ्यांच्या खरेदीचे काम पाहण्यासाठी तो १५८३ साली कोचीनला उतरला. पुढे त्याचा मुक्काम कोचीन व गोवा येथे होता आणि १५८८ साली गोव्यातच त्याला मृत्यू आला. मायदेशी लिहिलेल्या पत्रांत त्याने नमूद केले की, इथल्या पंडितांच्या भाषेतील पुष्कळ शब्द आपल्या भाषेसारखे आहेत: देव आणि ‘दिओ’, सर्प आणि ‘सेर्पे’, तसेच सहा, सात, आठ, नऊ हे अंक आणि इटालियन ‘सेई, सेत्ते, ओत्तो, नोव्हे’. विल्यम जोन्सने कलकत्त्यास १७८६ साली संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याची घोषणा केली, त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट. मिऱ्यांची पोती मोजणाऱ्या एका व्यापाऱ्याने परक्यांची भाषा कान देऊन ऐकली, म्हणून त्याला हे नाते दिसले. वखारीत बसून केवळ भाव ऐकत राहिला असता, तर ते दिसले नसते.

फ्लॉरेन्स आणि गोवा यांचा आणखी एक धागा पेपोसोच्या वाइनपर्यंत जातो. जुन्या गोव्यातील बॉम जेझूच्या चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने पाठविलेली भेट आहे. जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या फ्लॉरेन्सच्या शिल्पकाराने तो घडविला आणि १६९८ साली तो इथे बसविण्यात आला. त्यावरची चांदीची पेटी मात्र गोमंतकीय कारागिरांच्या हातची, त्याहून जुनी. ह्याच कोसिमोने १७१६ साली एक फर्मान काढून कियांती वगैरे द्राक्षमद्यांच्या प्रदेशांच्या सीमा आखून दिल्या. पेपोसोत आज जी वाइन ओततात ती बहुधा कियांतीच.

आज इटलीत पुष्कळ घरी पेपोसोत टोमॅटोही घालतात. त्यावर तिथले कर्मठ लोक नाक मुरडतात आणि म्हणतात, हा खरा पेपोसो नव्हे. त्यांचे म्हणणे इतिहासाला धरून आहे, कारण टोमॅटो हे अमेरिकेचे फळ. इटलीत त्याचे उल्लेख सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास येतात, म्हणजे घुमट पुरा झाल्यानंतर शंभर वर्षांनी. पण हीच फूटपट्टी आपल्या स्वयंपाकघरात लावली तर काय होईल? आपली तांबडी मिरची पोर्तुगिजांच्या जहाजांतून आली. बटाटा, काजू, पेरू, अननस, पपई हे सारे त्याच वाटेने आले. मिरची येण्यापूर्वी आपल्या हुमणाला तिखटपणा द्यायचा तर मिऱ्यांचाच आधार होता. शुद्ध, अस्पर्श असे कोणतेच भांडे नसते. जे आज परंपरा म्हणून मिरवते ते कधीतरी नवखे म्हणून दाराशी उभे होते.

मांस वाइन व लसणीत मुरवून शिजविण्याची रीत आपल्या गोमंतकातही आली, ती पोर्तुगालमधून. ‘व्हिन्य द’आल्युश’, म्हणजे वाइन आणि लसूण, हे तिचे मूळ नाव. इथे द्राक्षे नव्हती, माड होते. म्हणून वाइनच्या जागी माडाच्या सुरेचा शिरका आला, मिरच्या व मसाले आले आणि ‘विंदालू’ तयार झाला. तो आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरचा पदार्थ. आपल्या घरी तो शिजत नाही. तरी त्याचा वास आपल्या ओळखीचा आहे, आणि आपल्या चवथीच्या नेवऱ्यांची चव त्याच्या ओळखीची आहे.

इथे या लेखाच्या मुख्य मुद्द्यापाशी आम्ही येतो. तोस्कानात पाव मीठ न घालता भाजतात. पेपोसोसारख्या चमचमीत रसाबरोबर तो अळणी पाव बरा लागतो, एवढेच त्याचे आजचे प्रयोजन. त्यावरून कोणी कोणाचा धर्म ठरवीत नाही. आपल्या भूमीत मात्र अळणी भातावरून धर्म ठरविला गेला आहे. गोव्यात १५६० साली स्थापन झालेल्या इन्क्विझिशनने १७३६ साली एक आज्ञापत्र काढले. त्यात नव्या ख्रिस्त्यांना ज्या गोष्टींची मनाई केली होती, त्यांत हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजविणे व मागाहून मीठ घेणे हीही एक होती. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथात हे आज्ञापत्र वाचकांपुढे ठेवले आहे. सत्तेचे डोळे लोकांच्या भाताच्या तपेल्यात शिरले म्हणजे काय होते, हे आपल्या पूर्वजांनी सोसले. १८१२ साली ते न्यायासन कायमचे बंद झाले. पण दुसऱ्याच्या भांड्याचे झाकण उचलून त्याची निष्ठा मोजण्याची खोड त्याच्याबरोबर संपली असे म्हणवत नाही. ती कोणत्याही धर्माच्या माणसाला जडू शकते. जो समाज एकदा या खोडीचा बळी झाला, त्याने तरी ती आपल्या अंगी लागू देऊ नये.

याचा अर्थ आपली निषिद्धे सोडावीत असा नव्हे. निषेध स्वतःच्या पानापुरता पाळला तर तो व्रत असतो. शेजाऱ्याच्या पानावर लादला की त्याची जबरदस्ती होते. या भेदाचे ज्ञान गोमंतकीयांना पुस्तकातून मिळालेले नाही. नाताळात शेजारघरून जे तबक येते त्यात नेवऱ्या, दोदोल, बिबिंका असते; विंदालू नसतो. आपण काय खात नाही हे शेजाऱ्याला ठाऊक असते आणि ते तो न बोलता पाळतो. आपणही त्याच्या चुलीवर काय आहे ते विचारीत नाही. ही साधी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि ती टिकविण्यासाठी कोणत्याही परिषदेची किंवा ठरावाची गरज पडली नाही.

ज्या वाचकांना त्या भट्टीच्या आचेची चव घ्यावीशी वाटते, पण मांस चालत नाही, त्यांच्यासाठी त्याच प्रांतातला दुसरा एक पदार्थ सांगण्यासारखा आहे. तोस्कानाच्या लोकांना इतर इटालियन चेष्टेने ‘शेंगदाणेखाऊ’ म्हणावे तसे ‘घेवडेखाऊ’ म्हणतात, इतकी त्यांना कडधान्यांची आवड. भिजवलेला पांढरा घेवडा, लसणीच्या दोन पाकळ्या, सेजची पाने, थोडे ऑलिव्हचे तेल व पाणी हे वाइनच्या रिकाम्या काचेच्या चंबूत घालून तो चंबू चुलीतल्या निखाऱ्यांशेजारी रात्रभर ठेवीत. सकाळी घेवडा लोण्यासारखा मऊ झालेला असे. हा घेवडाही मूळचा अमेरिकेचा. तो येण्यापूर्वी युरोपात जे कडधान्य त्या नावाने चालत असे ती आपली चवळी. तेव्हा डिचोलीच्या कुंभाराकडचे एखादे लहान मडके आणावे, त्यात भिजवलेली चवळी, लसूण, भरड कुटलेले मिरे व मीठ घालावे, आणि मंद आचेवर दोन तास ठेवून द्यावे. ज्यांना बकऱ्याचे मांस चालते त्यांनी त्याच्या पायाकडचे चिवट तुकडे ह्याच रीतीने शिजवून पाहावेत. पेपोसो तो होणार नाही; पण घाई न करता शिजलेल्या अन्नाला काय गोडी येते, ते कळेल.

इम्प्रुनेताच्या कामगारांना मलबार कुठे आहे हे ठाऊक नसेल. मलबारात वेलीवरून मिरे तोडणाऱ्यालाही तो घुमट कधी दिसला नाही. तरी एकाच्या घामाचे फळ दुसऱ्याच्या भांड्यात पडले आणि त्याच्या दिवसभराच्या श्रमानंतरचा घास रुचकर झाला. तो घास आपल्याला घेता येत नसला तरी त्यातला तिखटपणा आपल्या अंगणातला आहे. यंदा मिरे वाळत घालताना एवढी आठवण झाली तरी पुरे.